योजनेच्या वाक्यातील कर्ता : कामगार-प्रशिक्षणाच्या शासकीय मराठीची चिकित्सा

शासकीय मराठीची आजवर जी टीका झाली ती प्रायः शब्दांची टीका होय. १९६० साली महाराष्ट्र राज्याने भाषा संचालनालय स्थापिले, १९६२ मध्ये पदनाम कोश सिद्ध झाला, आणि तेव्हापासून कोणता शब्द अवघड, कोणता कृत्रिम, कोणता हास्यास्पद, ह्याचीच चर्चा होत राहिली. ‘बदनाम कोश’ अशी त्या कोशाची जी संभावना झाली तीही पदांपुरतीच होती. वस्तुतः शब्द रुळतात. ज्या ‘संचालक’, ‘अधीक्षक’ ह्या शब्दांना लोक हसले ते आज शिपायाच्याही तोंडी आहेत. ह्या टीकेच्या नजरेतून निसटले ते वाक्य. शासकीय मराठीचे वाक्य कसे घडते, त्यात कोणत्या विभक्तीला कोठे स्थान मिळते आणि कोणाला मिळत नाही, ह्याचा विचार फारसा झालेला नाही. प्रौढ कामगारांचे प्रशिक्षण व त्यासाठी दिली जाणारी अनुदाने ह्यांच्या कागदपत्रांवरून तो येथे करावयाचा आहे. हेच क्षेत्र निवडण्याचे कारण असे की, येथे वाक्याचा अर्थ न लागल्यास वाचकाची दिवसाची मजुरी बुडते.

आरंभी एका संस्थेच्या नावाचा इतिहास पाहणे उद्बोधक होईल. १९६७ साली मुंबईस वरळी येथे देशातील पहिले ‘श्रमिक विद्यापीठ’ सुरू झाले. मुंबई शहर समाजशिक्षण समितीने ते चालविण्याची जबाबदारी घेतली. गिरणगावातील प्रौढ कामगाराला त्याच्या धंद्यातील ज्ञानाबरोबर हिशेब, आरोग्य, नागरिकत्व ह्यांचेही ज्ञान एकाच ठिकाणी मिळावे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे केंद्राच्या अनुदानावर अशी विद्यापीठे अन्यत्र निघाली. २००० साली त्यांचे ‘जन शिक्षण संस्थान’ असे नामांतर झाले, आणि २०१८ मध्ये ही संस्थाने मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. नामांतराला कारणे असतील. लाभ घेणाऱ्यांत केवळ शहरी कामगार उरले नव्हते, हे एक कारण तर उघडच आहे. तरीही भाषेच्या दृष्टीने काय झाले ते नोंदविले पाहिजे. ‘श्रमिक विद्यापीठ’ ह्या नावात श्रमिक हा विद्येचा धनी होता. ‘विद्यापीठ’ हा शब्द त्याच्या दारी आणून ठेवण्यात एक धिटाई होती. ‘जन शिक्षण’ ह्या नावात श्रमिक जनांत विरघळला. आणि ‘कौशल्य विकास’ ह्या सामासिक शब्दात माणूसच उरला नाही. विकास व्हावयाचा तो कौशल्याचा.

नावांतून जे झाले तेच वाक्यांतून अधिक पद्धतशीरपणे झाले आहे. कोणत्याही प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय घ्यावा. त्यात पुढील साच्याची वाक्ये पदोपदी भेटतात : ‘अनुदान वितरित करण्यात येईल’, ‘प्रशिक्षण देण्यात यावे’, ‘पात्रतेची छाननी करण्यात येईल’, ‘विद्यावेतन बँक खात्यात जमा करण्यात येईल’. ‘-ण्यात येणे’ ही रचना मराठीला परकी नाही, परंतु शासकीय लेखनात तिने जो विस्तार पावला आहे तो इंग्रजी कार्यालयीन वाक्याच्या छायेतील होय. ह्या रचनेत कर्ता सांगावयाची सोय आहे, सक्ती नाही. आणि जेथे सक्ती नाही तेथे कारकून तो सांगत नाही. अनुदान कोण वितरित करील? छाननी कोण करील? वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे, म्हणून प्रश्न अडत नाही.

जेथे कर्त्याचा निर्देश टाळता येत नाही तेथे दुसरी एक युक्ती असते. ती म्हणजे ‘मार्फत’ हे शब्दयोगी अव्यय. निधी केंद्रामार्फत येतो, योजना अभियानामार्फत राबविली जाते, वर्ग प्रशिक्षण संस्थेमार्फत चालतात, परीक्षा त्रयस्थ मूल्यमापकांमार्फत होते. ‘मार्फत’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी मध्यस्थाच्या द्वारे असा आहे. पत्राच्या पाकिटावर ‘अमुक ह्यांचे मार्फत’ असे लिहितात तेव्हा पत्र त्या गृहस्थाचे नसते, हे कोणालाही कळते. योजनापत्रातील प्रत्येक यंत्रणा अशी दुसऱ्याच्या पत्त्यावर राहावयास आलेली आहे. घरमालक कोण, ते मजकुरात सापडत नाही.

मग ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय ह्या मराठीतून नाहीसाच झाला आहे काय? तसे नाही. तो एका नामासाठी राखून ठेवलेला आहे. ‘प्रशिक्षणार्थ्याने मूळ प्रमाणपत्रे सादर करणे बंधनकारक राहील.’ ‘उमेदवाराने विहित मुदतीत अर्ज करावा.’ ‘लाभार्थ्याने हमीपत्र द्यावे.’ कर्ता येथे ठळक आहे, क्रिया नेमकी आहे, मुदतही आहे. अर्थात एकाच कागदावर दोन व्याकरणे नांदतात : देणाऱ्याचे व्याकरण अकर्तृक आणि घेणाऱ्याचे सकर्तृक. चूक झाली तर ती कोणाची, हे वाक्यरचनेनेच आधी ठरवून टाकलेले असते.

जुन्या मराठी राज्यकारभाराची भाषा अशी नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पेशवेकालीन कागदांत हुकूम ‘-णे’ प्रत्ययान्त रूपाने येतो : अमुक करणे, अमुक देणे. हे रूपही वरवर अकर्तृकच. पण पत्राच्या मायन्यात अधिकाऱ्याचे नाव असते, त्यामुळे ‘देणे’ म्हणजे ‘तू देणे’ हे निःसंदिग्ध होते. ‘वरात’ हा त्या काळचा पैसा देवविण्याचा लेख. (लग्नाच्या वरातीशी ह्या अरबी शब्दाचे नाते नाही.) वरात कोणावर काढली, कोणास किती द्यावयाचे, हे तीत स्पष्ट असे. वरात पटली नाही म्हणजे कोणाच्या दारात जाऊन बसावयाचे ते धारकाला ठाऊक असे. त्या कारभारात अन्याय नव्हता असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, अन्याय करणाऱ्याचे नाव कागदावर होते.

आता नामांकडे वळू. ‘उमेदवार’ हा फार्सी शब्द. उमेद बाळगणारा तो उमेदवार. कचेरीत नोकरीच्या आशेने बिनपगारी राबणे ह्याला मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणत आले, आणि त्या वाक्प्रचारात एका पिढीचा कडवटपणा साठलेला आहे. १९६१ च्या अधिनियमाने ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा स्थिर केली आणि त्याच्या कलम १८ ने असे ठरविले की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. म्हणजे त्याच्या हाताखालून माल निघेल, परंतु कामगार कायदे त्याला लागू होणार नाहीत. तथापि त्याला जे मिळते त्याचे नाव मात्र ‘विद्यावेतन’. समासाचे पूर्वपद त्याला विद्यार्थी ठरविते, उत्तरपद कामगार. कायद्याला दुसरे मान्य नाही, आणि कारखान्यातील मुकादमाला पहिले मान्य नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आणली. तीत बारावी, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका, आणि पदवी अशा शिक्षणानुसार दरमहा ६,०००, ८,००० व १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. तिच्या नावात ‘कार्य’ व ‘प्रशिक्षण’ ही दोन्ही पदे शेजारी ठेवलेली आहेत. कार्य हे प्रशिक्षणाचे साधन की प्रशिक्षण हे कार्याचे निमित्त, हा विग्रहाचा प्रश्न आहे. मुदत संपल्यावर जे तरुण सेवेत कायम करण्याची मागणी करू लागले त्यांनी आपल्या परीने तो विग्रह केला होता.

‘लाभार्थी’ ह्या शब्दाची गत निराळी. ‘विद्यार्थी’, ‘शरणार्थी’ ह्यांप्रमाणे लाभाची इच्छा करणारा तो लाभार्थी. शासकीय वापरात मात्र यादीत नाव चढले की मनुष्य लाभार्थी होतो, आणि लाभार्थी झाला म्हणजे त्याला लाभ झाला असे गणले जाते. इच्छा आणि प्राप्ती ह्यांतील अंतर ह्या एका शब्दाने पुसून टाकले. ‘प्रशिक्षित’ ह्या धातुसाधितातही असाच दोष शिरला आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात अल्पमुदतीच्या वर्गांबरोबर आधीपासून काम येत असलेल्या कारागिराच्या कसबाला मान्यता देण्याचा भाग आहे. कल्पना उत्तम आहे. परंतु वीस वर्षे ओळंबा व थापी हाताळलेला गवंडी चार दिवसांच्या उजळणीनंतर आकडेवारीत ‘प्रशिक्षित’ म्हणून मिरवतो, तेव्हा त्याला शिकविले कोणी, ह्याचे उत्तर ‘योजनेने’ असे निघते. ते त्याच्या उस्तादाला अन्यायकारक आहे.

२०१५ ते २०२२ ह्या काळातील ह्या योजनेवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२५ च्या डिसेंबरात संसदेपुढे आला. सुमारे ९६ लाख सहभागींच्या नोंदी तपासल्या असता ९० लाखांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्यांनी भरलेला वा निरर्थक आढळला. खात्याच्या तपशिलाची सक्ती पुढे सैल करून आधारशी जोडलेल्या खात्यांवर भिस्त ठेवली, असे समर्थन मंत्रालयाने केले. ते मान्य केले तरी भाषिक वस्तुस्थिती उरतेच. ‘विद्यावेतन खात्यात जमा करण्यात येईल’ ह्या वाक्याला कर्ता नव्हता. येथे त्याला अधिकरणही नाही. कोण, ते सांगितलेले नाही. कोठे, तो रकाना रिकामा. तरीही वाक्य भविष्यकाळात शुद्ध उभे आहे.

ह्यावर असे म्हटले जाईल की, अकर्तृक रचना हा शासनव्यवहाराचा गुण होय. अधिकारी बदलतात, पद राहते, आणि शासन व्यक्तिनिरपेक्ष असावे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु व्यक्तिनिरपेक्षता पदाच्या निर्देशाने साधते, पदाच्या लोपाने नव्हे. ‘जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाचा सहायक आयुक्त हजेरीपत्रक मिळाल्यापासून अमुक दिवसांत रक्कम जमा करील’ ह्या वाक्यात कोणाचेही नाव नाही. त्यात मराठीचा साधा ‘-ईल’ आहे आणि दार ठोठावण्यास एक दार आहे. पदनाम कोशाने पदांना नावे दिली ती वाक्यात कर्ता म्हणून वापरण्यासाठीच असावीत; केवळ दारावरच्या पाट्यांसाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता.

कागदाची ही रचना कागदावरच राहिली असती तर तिची चिकित्सा करण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. मराठी कामगाराच्या बोलीत वेतनाविषयीची क्रियापदे पूर्वीपासून ठरलेली आहेत. सारे सुरळीत असता तोही ‘पगार झाला’ असे अकर्तृकच बोलतो. बिनसले म्हणजे मात्र त्याचे व्याकरण बदलते : ‘मालकाने पगार थकवला.’ ‘थकवणे’ हे सकर्मक व प्रयोजक. त्याला कर्ता लागतोच. प्रशिक्षणाच्या पैशांबाबत हे क्रियापद क्वचितच कानी पडते. तेथे वृत्तपत्रांतही आणि कचेरीच्या खिडकीपुढील रांगेतही ‘विद्यावेतन रखडले’, ‘अनुदान रखडले’ असेच म्हणतात. ‘रखडणे’ अकर्मक आहे. पैसा आपला आपणच वाटेत कोठे तरी रखडतो. आणि खिडकीपुढचा मनुष्य विचारतो तेही ‘पैसे कधी देणार?’ असे नव्हे, तर ‘पैसे कधी येणार?’ असे.