सोन्याचे पुतळे

'रोमिओ अँड ज्युलिएट' हे प्रेमाचे नाटक म्हणून आपण वाचतो. पण आर्थर ब्रूकचे १५६२ सालचे ज्या काव्यावरून ते बेतले, ते शेजारी ठेवले म्हणजे शेक्सपियरचा रोख ध्यानात येतो. ब्रूकने प्रस्तावनेत आईबापांना न जुमानणाऱ्या प्रेमिकांनाच दोष दिला. त्याची ज्युलिएट सोळा वर्षांची; कथा काही महिने चालते. शेक्सपियरच्या ज्युलिएटला चौदाही पुरी नाहीत, आणि सारा खेळ चारपाच दिवसांत आटोपतो. दोन घराण्यांच्या वैराचे कारण मात्र तो कोठेच सांगत नाही.

पाद्र्याचे पत्र प्लेगच्या बंदोबस्तामुळे रोमिओला पोचत नाही. एवढ्या योगायोगावर शोकांतिका उभी कशी, असा आक्षेप घेतला जातो. पण मुळात पत्राची पाळी आली कां? विवाह झाला आहे, एवढे एक वाक्य घरात उच्चारण्याची सोय नव्हती म्हणून! ते न कळल्यामुळेच मर्क्यूशिओ टिबाल्टशी लढून मरतो. ते न कळल्यामुळेच बाप मुलीला पॅरिसच्या गळ्यात बांधू पाहतो.

शेवटी दोन्ही बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारायचे कबूल करतात. जिवंतपणी ज्यांचे ऐकून घेतले नाही, त्यांच्यासाठी सोने! या समेटात मला सांत्वन दिसत नाही. वडीलधाऱ्यांवरचा ठपका दिसतो. हे नाटक मुलांच्या हाती देण्याआधी आईबापांनी वाचावे.