चित्रातला पाहुणा : वॉल्टर स्पीस आणि बातुआनचे चित्रकार

बालीच्या चित्रकलेवर लिहिताना सुरुवात वॉल्टर स्पीसपासून करण्याचा प्रघात आहे. मीही तिथूनच करतो, पण त्याला गुरुपद देण्यासाठी नव्हे. मॉस्कोत जन्मलेला हा जर्मन चित्रकार १९२७ मध्ये बालीत राहायला आला. उबुदजवळ चाम्पुहान येथे, नद्यांच्या संगमावर, त्याने घर बांधले. आज तिथे हॉटेल आहे. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, तिरपे ऊन, म्हशीमागून चाललेला एकटा शेतकरी, मागे ज्वालामुखी : आपल्या पर्यटन-पुस्तिकांतले हे बाली त्याच्या कॅनव्हासवर आधीच रंगून झाले होते.

स्पीसची ताकद मी नाकारत नाही. एकाच चित्रात तो दोन-तीन क्षितिजे रचतो; एका दरीतून बाहेर पडलेली नजर वरच्या दरीत पुन्हा शिरते. सावल्या माणसांपेक्षा लांब असतात. वेळ नेहमी पहाटेची किंवा कलत्या उन्हाची. या शांततेत मी बराच वेळ रमलो आहे, आणि नंतर तिचीच मला शंका येऊ लागली. इथे पाहुणा कुठे आहे? १९०६ मध्ये डच फौजेसमोर बादुंगचा राजा आपल्या परिवारासह पांढरी वस्त्रे नेसून मरणाला सामोरा गेला, तो देनपसारात. त्याच देनपसारात १९२८ मध्ये केपीएम या डच जहाज कंपनीने पर्यटकांसाठी बाली हॉटेल उघडले. मध्ये जेमतेम बावीस वर्षे. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन बालीत आला, स्पीसला भेटला. स्पीसच्या निसर्गचित्रांत मात्र ना हॉटेल, ना मोटार, ना कॅमेरा. पाहणारा स्वतः चौकटीबाहेर राहिला, म्हणूनच आतले बेट इतके अस्पर्श दिसते.

उबुदच्या दक्षिणेला बातुआन हे गाव आहे. उबुदच्या मानाने तिथल्या चित्रकारांवर स्पीसची छाप कमी. १९३६ ते १९३८ या काळात बालीत काम करणाऱ्या ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी हजाराहून अधिक बाली चित्रे जमवली, त्यांतली बहुसंख्य बातुआनची. कागद लहान, त्यावर पातळ शाईचे थर चढवत नेलेला अंधार. पानाला पान भिडलेले, आणि त्या झाडीत चेटकिणी, राक्षस, भेदरलेली माणसे. डोळ्याला टेकायला मोकळी जागा नाही. स्वर्ग म्हणून विकल्या जाणाऱ्या बेटावर राहणाऱ्यांना रात्री काय दिसत होते, ते या कागदांवर आहे. चित्रे विकत घेणारे परदेशी होते, हे मी विसरत नाही. पण गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून कोणी इतका अंधार घोटत बसत नाही.

याच गावचा, १९५० मध्ये जन्मलेला वायान बेंडी पाहुण्याला थेट चित्रात आणतो. मंदिराची मिरवणूक, कोंबड्यांची झुंज, बारोंगचा नाच, आणि त्यांच्या दाटीत कॅमेरा रोखलेले पर्यटक, लाटांवर फळी घेऊन निघालेले गोरे, वर विमान. मला महत्त्वाचे वाटते ते प्रमाण. पर्यटकाला मिरवणुकीतल्या बाईएवढीच जागा मिळते, आणि त्याचे कपडेही पानाफुलांइतक्याच सबुरीने रेखलेले असतात. राग नाही, आर्जव नाही. सुटीवर आलेला माणूस हीही या बेटावरची एक जात, अशी नोंद करून कुंचला पुढे सरकतो.

बेंडीला मी स्पीसच्या वर ठेवतो, तरी एक तक्रार राहतेच. त्याच्या गर्दीत गंमत आहे, भीती नाही. राक्षससुद्धा जत्रेला आल्यासारखे वाटतात. ही चित्रेही अखेर परदेशी भिंतींवरच जातात, आणि विनोदी चित्रात स्वतःला पाहायला पाहुण्याला आवडते. १९३७च्या सुमाराच्या त्या काळ्या कागदांपुढे पाहुणा इतक्या आनंदाने उभा राहिला असता असे मला वाटत नाही.