फोन हातात असला की बंदूक नसते

जीटीए ऑनलाइन कधी खेळला असाल, तर 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट'ची सुरुवात तुम्हाला अगदी ओळखीची वाटेल. दोन माणसं पोलिसांना चुकवत पळतायत आणि पळता पळता एका खुल्या नाट्यगृहात शिरतात. लॉस सँटोसच्या नकाशावर व्हाइनवुड बोल ही जागा पहिल्यापासून आहे. मी तिथून शंभर वेळा गाडी नेली असेल, पण हे नाट्यगृह आहे आणि इथे नाटक करता येईल, असं कधी डोक्यात आलं नाही. या दोघांच्या येतं, कारण ते नट आहेत. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरवीन. जानेवारी २०२१, ब्रिटनमधला तिसरा लॉकडाऊन, थिएटरं बंद, हाताला काम नाही. मग ठरतं: इथेच, या खेळातच, 'हॅम्लेट' करायचं.

सॅमची बायको पिनी ग्रिल्स माहितीपट बनवते. तीही एक पात्र घेऊन खेळात उतरते आणि चित्रीकरण सुरू करते. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या या फिल्मला २०२४मध्ये एसएक्सएसडब्ल्यू महोत्सवात माहितीपटाचं ज्युरी पारितोषिक मिळालं. बंदुकांच्या खेळात शेक्सपिअर, या गमतीबद्दल भरपूर लिहून आलंय. मला लिहायचंय ते रेकॉर्डिंगबद्दल, कारण हेच काम मी काही वर्षं घरच्या पीसीवर करत होतो आणि ते चुकीचं करत होतो, हे मला या फिल्मनं दाखवलं.

मे २०२०मध्ये एपिकच्या स्टोअरवर जीटीए फाइव्ह फुकट मिळाला. आम्ही चौघं इंजिनिअरिंगचे मित्र, लॉकडाऊनमुळे चार गावांत अडकलेले, रोज रात्री लॉस सँटोसमध्ये भेटायचो. मी रेकॉर्ड करायचो. ओबीएस, १०८०पी, ६० फ्रेम, ५० एमबीपीएस. याचा हिशोब तासाला साडेबावीस जीबी होतो. जास्त वाटतं, पण हेच चित्र अजिबात न दाबता साठवलं तर सेकंदाला साधारण ३७३ एमबी, म्हणजे तासाला तेराशे जीबीच्या वर जातं. फाइल एमकेव्ही ठेवायची, कारण मध्येच लाइट गेले तर एमपी४ उघडतच नाही, एमकेव्ही निदान तिथपर्यंतचं देते. आवाजाचे ट्रॅक वेगळे ठेवायचे: पहिल्यावर खेळ, दुसऱ्यावर आमची बडबड. गवत आणि पाऊस आला की यूट्यूब चित्राचा चिखल करतं, म्हणून एडिट करून १४४०पीला फुगवून चढवायचं, म्हणजे ते बरा कोडेक लावतं. हे सगळं मी रात्र रात्र जागून शिकलो आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे.

माझ्या डोक्यात 'क्वालिटी' म्हणजे स्वच्छता. पडद्यावर नकाशाचा कोपरा दिसता कामा नये, कर्सर दिसता कामा नये, फ्रेम गळता कामा नये. मेलो ते कापायचं, मारलं ते ठेवायचं. वर गाणं.

पिनी ग्रिल्स चित्रीकरण कशानं करते? बऱ्याचदा तिच्या पात्राच्या हातातल्या फोननं. खेळातल्या प्रत्येक पात्राकडे कॅमेऱ्याचा फोन असतो. तो सेल्फी काढायला दिलाय, आपण एकदा वापरतो आणि विसरतो. त्यातून चेहरे जवळून टिपता येतात. पण तो डोळ्याला लावला की बंदूक चालवता येत नाही. म्हणजे ज्या शहरात दिसेल त्याला गोळी घालायची रीत आहे, तिथे ही बाई निःशस्त्र उभी राहून फोकस साधते. आपण एरवी गेमप्ले पाहतो त्यात कॅमेरा अमर असतो, खेळाडूच्या पाठीमागे चार फुटांवर तरंगणारा. इथे कॅमेऱ्याला शरीर आहे आणि कॅमेरामन मरू शकते. (कॅमेरावुमन म्हणायला हवं, माहितीये.) त्यामुळे शॉट मध्येच तुटला की आपण बिथरतो. एडिटिंगमध्ये हे तुटणं पुसलेलं नाही. स्वगत सुरू आहे, कुणी अनोळखी येऊन गोळ्या घालतो, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मोंटाजमध्ये असलं एकही मरण नसायचं. या फिल्मचा सगळा विनोद आणि अर्धं दुःख त्याच मरणांत आहे.

दुसरी गोष्ट आवाज. या पात्रांचे चेहरे म्हणजे प्लॅस्टिक. बोलताना ओठ हलतात तेवढंच. मार्क एकटा राहतो, त्याच्याजवळचं कुणी उरलेलं नाही, हे तो सांगतो तेव्हा पडद्यावर एक मख्ख बाहुली उभी असते. तरी आपण हलतो, कारण आवाज नटाचा नाही, घरात अडकलेल्या माणसाचा आहे. ऑडिशनला परग्रहवासीयाचा हिरवा पोशाख घातलेला एक खेळाडू येतो आणि कुराणातल्या ओळी म्हणतो. चित्र हास्यास्पद, आवाज गंभीर. या दोन ट्रॅकचं न जुळणं हीच फिल्मची खरी ताकद आहे असं मला वाटतं.

आणि म्हणूनच ते जिथे फारच जुळतं, तिथे फिल्म खोटी वाटते. पिनी सॅमवर चिडते: सगळा वेळ तू इथेच असतोस, माझा वाढदिवस विसरलास. हे भांडण नवरा-बायको एका घरात राहून खेळातल्या पात्रांतून करतात. असं खरंच होऊ शकतं, माझा आक्षेप त्याला नाही. आक्षेप असा की दोघं बरोबर चौकटीत उभी आहेत, वाक्यं पूर्ण होतायत, कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. घरातलं भांडण असं रेकॉर्ड होत नाही. अनेक समीक्षकांना हा प्रसंग रचलेला वाटला, मलाही वाटला. तो खरा असेलही; पण एडिटिंगनं इतका धुऊन काढलाय की पुरावा उरला नाही.

याउलट 'निट्स आयलंड' पाहा. तीन फ्रेंच दिग्दर्शक 'डेझी' या खेळात ९६३ तास राहिले. माझ्या सेटिंगवर हे सगळं रेकॉर्ड केलं असतं तर साडेएकवीस टीबीच्या वर झालं असतं. 'डेझी'त खावं-प्यावं लागतं, नाहीतर पात्र मरतं, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांनाही भूक लागते. ती फिल्म संथ आहे, मध्ये मला झोपही आली, पण तिथे कुणी घाईनं मुद्द्यावर येत नाही. लोक आधी तुम्हाला धमकावतात, मग ओळख होते, मग बऱ्याच वेळानं स्वतःबद्दल बोलतात. 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट'ला हा धीर नाही. तिला प्रयोगाच्या दिवसापर्यंत पोचायचंय. पण तिच्यात जो जीव आहे तो 'निट्स आयलंड'मध्ये नाही. एकच निवडायची तर मी हॅम्लेटच पुन्हा लावीन.

पुन्हा लावलीही, गेल्या महिन्यात, आणि त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या चौघांतला एक मिरजेचा. त्याचे बाबा मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. आम्ही खेळत असायचो तेव्हा रोज साडेनऊला त्यांची हाक यायची, "जेवायला येतोस का आता?" आणि हा माइक बंद न करताच "आलो हो बाबा" म्हणायचा. आम्हाला वैताग यायचा, कारण तेवढ्यात त्याला कुणीतरी मारायचं. यंदा त्याचा फोन आला. म्हणाला, तू तर सगळं रेकॉर्ड करायचास, त्यात बाबांचा आवाज असेल ना?

असायला हवा होता, दुसऱ्या ट्रॅकवर. पण व्हिडिओ चढवताना मी फक्त पहिला ट्रॅक घ्यायचो, वर गाणं, आणि डिस्क भरली की मूळ फायली उडवायचो. एक टीबीची डिस्क होती, तासाला साडेबावीस जीबी. फोल्डरमध्ये एकतीस व्हिडिओ सापडले. सगळे ६० फ्रेमचे, लखलखीत, आणि एकातही माणसाचा आवाज नाही.

सगळे एकेक करून पाहिले. एकात, हायवेवर, आम्ही तिघं गोळ्या चुकवत पळतोय आणि त्याचं पात्र रस्त्याच्या मधोमध एकदम थांबतं. तीन-चार सेकंद नुसतं उभं. खाली तारीख आणि वेळ नाही, वर गाणं चालू. मग ते पुन्हा पळायला लागतं. एवढा तुकडा कापून मी त्याला पाठवला. त्यानं विचारलं, हे काय आहे? मी लिहिलं, बहुतेक साडेनऊ वाजलेत.