‘श्वास’ आणि संमतीचा प्रश्न

जीव वांचवावा कीं नाहीं, या प्रश्नास उत्तर एकच असतें. आणि जेथें उत्तर एकच, तेथें नाट्य कसलें, असा आक्षेप रसिकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट त्या आक्षेपाचें समर्पक निरसन करतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून तो रचिलेला असून, ‘श्यामची आई’नंतर सुमारें ५० वर्षांनीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीस त्यानेंच मिळवून दिला.

कोंकणांतील एक आजोबा नातू परशुराम यास घेऊन शहरांत येतात. मुलाच्या डोळ्यांस कर्करोग झाला आहे. दोन्ही डोळे काढल्यास प्राण वांचतील. न काढल्यास रोग पसरत जाईल. येथवर हिशेब सोपा आहे. संमतिपत्रावर वडीलधाऱ्याची सही झाली कीं कायद्याचें समाधान होतें. परंतु आपली दृष्टि जाणार हें मुलास आधीं सांगितलें पाहिजे, असा डॉक्टर साने आग्रह धरतात, आणि या एका आग्रहानें कथेचा गाभाच पालटतो. ज्याचे डोळे जाणार त्यालाच वगळून निर्णय घेण्याचा अधिकार कोणास, हा खरा प्रश्न आतां उभा राहतो.

अरुण नलावडे यांनीं आजोबांची घालमेल फार संयमानें दाखविली आहे. आजोबा नातवास घेऊन रुग्णालयांतून निघून जातात, तें अंधार पडण्यापूर्वीं त्याला जग डोळे भरून पाहूं द्यावें म्हणून. सही करणाऱ्या हातानेंच ते मुलाचें ऋण असें फेडूं पाहतात. त्या वेळची वार्ताहरांची धांवपळ मात्र आम्हांस फाजील वाटली. त्या गलक्यानें प्रसंगाची एकाग्रता ढळते.

आमच्या इचलकरंजीचें नांव ज्यांच्या नांवास जडलें, त्या गायनाचार्य बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टि लहानपणीं फटाक्यानें अधू झाली; त्यांनींच पुढें १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. दृष्टि गेली म्हणजे आयुष्य सरत नाहीं, हें आम्हांस नवीन नव्हे. ‘श्वास’ याहून अवघड गोष्ट सांगतो. आपल्या घरांत प्रौढ रोग्यापासूनही कर्करोगाचें नांव लपविलें जातें, आणि त्या लपवालपवीस आपण माया म्हणतों. एका लहान मुलाशीं खरें बोलण्याचें धैर्य जर या आजोबांस एकवटावें लागलें, तर आपल्या त्या मायेंत भित्रेपणा किती, याचा विचार प्रत्येकानें घरीं जाऊन करावा.