शाईचें सोंवळें

मराठी ग्रंथपरीक्षणाच्या अखेरीस पूर्वीं एक ठराविक वाक्य असे: 'कागद व छपाई सुबक.' तें लिहितांना परीक्षकाचें लक्ष कागदाच्या गुळगुळीतपणावर आणि अक्षरांच्या ठसठशीतपणावर असे. तो कागद, ती शाई कशापासून झाली, हा प्रश्न तो सहसा विचारीत नसे. आम्ही आजही विचारीत नाहीं, आणि हा आमच्या टीकेंतील उणेपणा आहे असें मला वाटतें.

सामान्य वाचकानें मात्र हा प्रश्न फार पूर्वीं विचारला होता. गणपत कृष्णाजी यांनीं 1831 सालीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग काढलें, तो काळ आठवावा. शाईंत चरबी असते म्हणून कर्मठ लोक छापील पोथी सोंवळ्यांत घेईनात. तेव्हां तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या, असें सांगतात. त्या शंकेस आपण हंसतों. परंतु हातीं घेतलेला ग्रंथ कशाचा बनला आहे हें जाणण्याचा जो हक्क तिच्या मुळाशीं आहे, तो हंसण्याजोगा नव्हे.

आज शंका विटाळाची नसून अपायाची आहे. छपाईच्या पुष्कळ शायांत खनिज तेल असतें. रूळ धुण्याच्या द्रावणांची वाफ कामगारांच्या श्वासांत जाते. 1987 सालीं अमेरिकेंतील सीडर रॅपिड्स येथील 'गॅझेट' हें वृत्तपत्र सोयाबीन तेलाच्या शाईनें छापलें गेलें. ही शाई रद्दीवरून सहज निघते, म्हणून तिचा पुन्हा कागद करणें सोपें जातें. ती सुकते मात्र सावकाश, आणि तिच्यांतील रंगद्रव्य कांहीं शेतांत पिकत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत खरिपाच्या दिवसांत जिकडे तिकडे सोयाबीन दिसतें; त्याचा आपल्या पुस्तकांशीं संबंध असूं शकेल, हें आमच्या ध्यानींही येत नाहीं.

शाईहून मोठा दोष हौसेचा आहे. मुखपृष्ठावर चढविलेला प्लास्टिकचा चकचकीत पापुद्रा रद्दीच्या पुनर्वापरास अडथळा करितो. आणि न खपणाऱ्या हजार प्रती छापणें हा तर उघड अपव्यय. मागणीपुरत्या प्रती काढण्याची सोय आज असतां त्यास क्षमा नाहीं.

म्हणून परीक्षकांस माझी विनंती एवढीच कीं, 'छपाई सुबक' असें लिहिण्यापूर्वीं प्रकाशकास विचारावें: कागद कोणता, शाई कशाची, प्रती किती? हीं उत्तरें ग्रंथांतच छापण्याचा प्रघात पडला, तर चरबीच्या शाईस नकार देणाऱ्या त्या जुन्या वाचकाचें ऋण फिटेल.