लोण्याचे औषध : एका चित्रपटाच्या निमित्ताने

'फर्स्ट डू नो हार्म' हा चित्रपट १९९७ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. अपस्मारावरील आहारोपचाराचा विषय निघाला की आजही त्याचे नाव निघते, आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "मग डॉक्टर हे आधीच का सांगत नाहीत?" म्हणून उशिराने का होईना, त्याचे परीक्षण करावेसे वाटले.

कथा साधी आहे. रॉबी या लहान मुलाला फिट येऊ लागतात. एक औषध झाले, दुसरे झाले. फिट थांबत नाहीत, उलट दुष्परिणामांनी पोर हैराण होते. शेवटी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. आई लोरी (मेरिल स्ट्रीप) ग्रंथालय गाठते. तिथे तिला भरपूर स्निग्ध पदार्थांचा आणि अगदी थोड्या कर्बोदकांचा 'कीटोजनक आहार' सापडतो. डॉक्टरांचा विरोध पत्करून ती मुलाला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात नेते आणि मुलगा सुधारतो. दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाचा अनुभवही असाच होता, त्यामुळे आईची घालमेल खरी उतरली आहे. आमचेही डोळे पाणावले, हे कबूल करतो.

आमची तक्रार वेगळी आहे. मुलगा सुधारला कशामुळे, हे चित्रपट विचारतच नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांत अवस्थेत शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो, आणि तोही एरवी ग्लुकोजमधून. कर्बोदके मिळेनाशी झाली की यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये बनवते. ती मेंदूत शिरतात आणि इंधन म्हणून वापरली जातात. दीर्घ उपवासात मेंदू बराचसा त्यांच्यावरच भागवतो, हे १९६७ मध्ये ओवेन, काहिल व सहकाऱ्यांनी दाखवले. उपवासाने फिट थांबतात हे त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. उपाशी न ठेवता तोच परिणाम साधावा म्हणून मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये हा आहार सुचवला.

पण इंधन बदलल्याने चेतापेशींचा भडका का शमावा? एका आजारात उत्तर सरळ आहे. ग्लुकोज मेंदूत नेणारे 'ग्लुट-१' हे वाहक प्रथिन जन्मतःच अपुरे असेल, तर कीटोन म्हणजे दुसऱ्या दाराने आत आलेले अन्न. तिथे हा आहार पहिला उपचार असतो, शेवटचा नव्हे. बाकीच्या मुलांत एकच एक कारण हाती आलेले नाही. २०१६ मध्ये असे दिसले, की डेकॅनॉइक आम्ल (खोबरेल तेलात ते थोडेसे असते) चेतापेशींवरचे उत्तेजनेचा संदेश घेणारे एक ग्राहक प्रथिन थेट अडवते. म्हणजे कीटोन हे एकटेच नायक नसावेत. २०१८ मध्ये तर उंदरांच्या आतड्यातले जिवाणू प्रतिजैविकांनी मारल्यावर आहाराचे संरक्षणच नाहीसे झाले!

चित्रपटातील डॉक्टरीणबाई आहार उडवून लावतात आणि खलनायिका ठरतात. आम्हाला त्यांचा थोडा कैवार घ्यावासा वाटतो. आहार कोणी दडवला नव्हता. १९३८ मध्ये फेनिटॉइनचा गुण कळला, गोळी देणे सोपे होते, आणि लोणी-साय तोलण्याचा खटाटोप मागे पडला. आहार घेणारे आणि न घेणारे असे गट पाडून केलेली काटेकोर चाचणी १९९७ पर्यंत झालेलीच नव्हती. पण पुरावा गोळा न होणे आणि उपाय निकामी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कवटी उघडण्याआधी आईला दुसरी वाट सांगायला हवी होती. तिथे लोरीचा राग रास्तच आहे.

पुढे इंग्लंडमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर चाचणी झाली. निष्कर्ष २००८ मध्ये आले. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातील ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या. वाट पाहणाऱ्या गटात ६ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये आहाराच्या सौम्य प्रकाराची १०२ मुलांवर चाचणी झाली (२०१३). तिथे हेच आकडे ५२ आणि ११.५ टक्के. दोन औषधे हरल्यावर तिसऱ्याकडून फारशी आशा नसते, हे ध्यानात घेता ही मिळकत मोठी आहे. पण इंग्लंडच्या चाचणीत नव्वद टक्क्यांहून अधिक घट फक्त ५ मुलांत दिसली. चित्रपटात मात्र छोट्या भूमिकांतही या आहाराने बरे झालेली मंडळी घेतली आहेत. गुण न आलेली मुले कुठे गेली? वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे.

'आहार' म्हटले की निरुपद्रवी वाटते. फळ्यावर मांडून पाहा : ४ ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ३६ कॅलरी, प्रथिने-कर्बोदके मिळून १ ग्रॅम, म्हणजे ४ कॅलरी. चाळीसपैकी छत्तीस कॅलरी स्निग्धांशातून! सौम्य प्रकारातही दिवसाला १० ते २० ग्रॅमच कर्बोदके चालतात. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ती सुमारे ३५ ग्रॅम असतात. बद्धकोष्ठ, मूतखडे, वाढ मंदावणे हे धोके आहेतच. शिवाय चित्रपट पाहून कोणी गोळ्या एकदम बंद केल्या, तर न थांबणारी फिट येऊन जिवावर बेतू शकते.

जॉन्स हॉपकिन्समध्ये अनेक वर्षे हा आहार तोलूनमापून देणाऱ्या आहारतज्ज्ञ मिलिसेंट केली यांनी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली आहे. दिग्दर्शकाने त्यांच्या तराजूला आणखी पाच मिनिटे द्यायला हवी होती.