ख्रिस्ती कीर्तन आणि टाळीचा प्रश्न

गेल्या नाताळात एका स्नेही कुटुंबाच्या निमंत्रणावरून आम्ही त्यांच्या उपासनेस उपस्थित होतो. प्रार्थना झाली, शास्त्रपाठ झाला आणि मग मुलांनी प्रभुजन्माची नाटिका केली. मेंढपाळ, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, पुठ्ठ्याचा तारा, सारेच गोड होते. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ऐकताना एक शंका मनात आली. या टाळ्या मुलांना, की ज्याच्या जन्माचा सोहळा चालला होता त्याला? उपासनेत नाट्यास व कलांस स्थान असावे काय, या वादाचे मर्म आमच्या मते या एका प्रश्नात आहे.

वाद नवा नव्हे. युरोपात दहाव्या शतकात ईस्टरच्या उपासनेत रिकाम्या कबरीपाशी देवदूत आणि स्त्रिया यांचा संवाद गाइला जाई. पाश्चात्त्य नाटकाचा एक उगम अभ्यासक तेथे पाहतात. उलट प्युरिटन पंथीयांना नाटकाचे एवढे वावडे, की १६४२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाटकगृहेच बंद केली. एका पक्षाला नाट्य हे भक्तीचे अंग वाटले, दुसऱ्याला तो भक्तीचा शत्रू वाटला.

मराठी ख्रिस्ती समाजाने यावर जे उत्तर शोधले ते आम्हांस दोन्ही पक्षांपेक्षा शहाणपणाचे वाटते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापविले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला त्यांनी पुराणच दिले, आणि ते देवळात मोठ्याने वाचले जाई. पुढे १८३१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाणे वसविले. हे लोक प्युरिटन परंपरेतले. तरी नगरच्या याच वर्तुळात कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला आपले कवित्व दिले.

कीर्तनाची रीत आपल्या वाचकांना सांगावयास नको. नमन, पूर्वरंगातील निरूपण, उत्तररंगातील आख्यान हा साचा तोच राहिला. निरूपणाला आधार शास्त्रवचनाचा आला आणि आख्यानाला उधळ्या पुत्राचा दाखला किंवा प्रभूचे दुःखसहन हा विषय आला. कीर्तनकार क्षणात वाट पाहणारा बाप होतो, क्षणात घर सोडून गेलेला मुलगा होतो. परंतु तो वेश पालटत नाही आणि पडदाही पाडत नाही. कथा ऐन रंगात येते तेव्हा तो थांबतो, गजर धरतो आणि श्रोत्यांचे हात आपोआप टाळी देऊ लागतात. ही टाळी नटाला दिलेली दाद नव्हे. ती नामाच्या तालावर पडते. श्रोता प्रेक्षक उरत नाही, उपासक होतो. नाट्य असूनही कीर्तन उपासना कसे राहते, याचे कारण आम्हांस येथे दिसते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की कीर्तन हे धर्मप्रसाराचे आमिष होते. तसा उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु टिळकांची पदे ख्रिस्ती घरांत व मंदिरांत आजही गाइली जातात. ज्यांना वळवावयाचे उरलेच नाही, तेच ती गातात. आमिष इतके टिकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नगरकडील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार व मांग जातींतून आलेला, आणि हरिदासी कीर्तन हा उच्चवर्णीयांच्या देवळातला प्रकार. टिळकांची संस्कृतप्रचुर रचना काही ठिकाणी या श्रोत्यांपासून दूर राहते, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्यांना सभामंडपात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, ते या कीर्तनात मंडपाच्या आत बसले आणि त्यांच्या टाळीवाचून गजर पुरा होईना. कलेच्या उंचीपेक्षा ही गोष्ट आम्ही मोठी मानतो.

म्हणून नाताळच्या नाटिकेस आमचा विरोध नाही. शेवटी मुलांनी पुढे येऊन एखादे पद धरावे आणि साऱ्या मंडळीने ते उचलावे, एवढीच सूचना आहे. मग टाळी आपली जागा आपणच शोधील.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती बांधवांचा नाही. डिंडोलीतल्या आपल्या गणेशोत्सवाकडे पाहावे. ज्या घरांनी खानदेशातून येताना टाळ-मृदंग बरोबर आणले, त्यांची नातवंडे आज मंडपात खुर्च्यांवर बसून ध्वनिवर्धकावरील गाणी ऐकतात आणि संपल्यावर टाळ्या वाजवितात. परप्रांतात मराठी टिकली ती आपण ऐकल्याने नव्हे, म्हटल्याने टिकली. ज्या दिवशी आरतीचे शब्द केवळ यंत्राला पाठ असतील, त्या दिवशी मंडप भरलेला असेल, पण उपासक कोणी नसेल.